२४ विरुद्ध २

१८ मे १९१२ रोजी फिलाडेल्फियाच्या शाइब पार्क मैदानावर बेसबॉलच्या सामन्यात अ‍ॅथलेटिक्स संघाने डेट्रॉइट टायगर्सचा २४ विरुद्ध २ असा पराभव केला. क्रिकेटच्या सवयीने पाहिले तर हे आकडे किरकोळ वाटतील. परंतु ज्या खेळात एरवी चार-पाच धावांवर सामन्याचा निकाल लागतो, त्यात ही धूळधाणच म्हणायची. या धूळधाणीचे कारण मात्र मैदानाबाहेरचे होते.

तीन दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये टाय कॉब हा डेट्रॉइटचा नामांकित खेळाडू, अर्वाच्य शिवीगाळ करणाऱ्या एका प्रेक्षकावर थेट प्रेक्षकांत घुसून तुटून पडला. छापखान्यातील अपघातात त्या प्रेक्षकाचा एक हात आणि दुसऱ्या हाताची तीन बोटे गेलेली होती. कॉबच्या वर्तनाचे समर्थन मला करता येत नाही. हे संघ ज्या स्पर्धेत खेळत त्या अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी त्याला बेमुदत निलंबित केले, तेव्हा त्याचे सहकारी ‘कॉब नाही तर आम्हीही नाही’ म्हणून संपावर गेले. त्यांतल्या अनेकांना कॉब फारसा आवडत नव्हता. तरीही बाजू ऐकून न घेता शिक्षा करणे त्यांना मान्य नव्हते, आणि एवढ्यापुरते ते मला पटते.

संघ मैदानात उतरला नाही तर मालक फ्रँक नॅविन यांना ५,००० डॉलर दंड होणार होता. तो चुकवण्यासाठी व्यवस्थापक ह्यूई जेनिंग्ज यांनी फिलाडेल्फियातच हौशी पोरे गोळा केली. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी आटोपल्यावर टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात, तेव्हा एखादा गडी कमी पडला की पारावर बसलेल्या कोणालाही मैदानात ओढतात. फरक इतकाच की येथे जवळपास अख्खा संघच तसा उभा केला होता, आणि समोर आदल्या दोन्ही वर्षांचे विश्वविजेते होते. अ‍ॅथलेटिक्सने दयामाया दाखवली नाही. तिसऱ्या बेसकडे (धाव पुरी करण्यासाठी क्रमाने गाठायच्या चार टप्प्यांपैकी तिसऱ्याकडे) हळूच चेंडू टोलवायचा आणि नवख्या पोरांची तारांबळ उडाली की पळायचे, असा त्यांचा क्रम चालला होता.

चेंडू फेकण्याचे काम अ‍ॅलन ट्रॅव्हर्स या सेंट जोसेफ कॉलेजच्या विद्यार्थ्याकडे आले. संथ, वळणारे चेंडू टाकत त्याने आठही डाव एकट्याने ओढले आणि २६ फटके खाल्ले. त्या २४ धावांपैकी केवळ १४ त्याच्या माथी मारता येतात. बाकीच्या साथीदारांच्या ढिसाळ क्षेत्ररक्षणाच्या. डेट्रॉइटच्या दोन्ही धावा प्रशिक्षकांनी काढल्या: डीकन मॅकग्वायर आणि जो सगडेन, दोघेही चाळिशी ओलांडलेले. एड आयर्विन या हौशी खेळाडूने मात्र तीन संधींत दोनदा तिसऱ्या बेसपर्यंत मजल मारली, आणि पुढे या पातळीवर तो एकही सामना खेळला नाही.

अखेर कॉबनेच साथीदारांना कामावर परतण्यास सांगितले आणि २१ मे रोजी मूळ संघ वॉशिंग्टनविरुद्ध खेळला. कॉबला ५० डॉलर दंड आणि दहा दिवसांचे निलंबन झाले. ट्रॅव्हर्स पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला. एका सामन्यात २४ धावा देण्याचा अमेरिकन लीगमधील विक्रम त्याच्या नावावर राहिला. खेळाडूंची संघटनाही त्याच वर्षी माजी खेळाडू डेव्ह फुल्ट्झ यांच्या पुढाकाराने उभी राहिली.