वीस रुपयांची पुडी

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आम्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे हल्ली लाडाने आजारी पडलेली जनावरं येतात. २०२० साली शासनाचं कृषी पर्यटन धोरण आलं. आता वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांतही बैलबंडीची सैर, झुणका-भाकर आणि ‘प्राण्यांना हाताने खाऊ घाला’ असतं. त्यात वाईट काही नाही. संत्र्याची गळ झाली की घर त्याच पैशावर चालतं.

अशाच एका शेतावरून सकाळी फोन आला. “डॉक्टरसाहेब, बकरी उठूनच नाही रायली. दहा वाजता नागपूरची बस येते, त्याच्या आंधी उभी झाली पायजे.”

बेरारी जातीची, चांगली माणसाळलेली बकरी. डावी कूस दाबली तर आत पाणी डचमळलं. गॅस असता तर पोट ढोलासारखं वाजलं असतं. डोळे खोल गेलेले, हगवण आंबूस. कोटीपोटातलं, म्हणजे रवंथाच्या मोठ्या पोटातलं, पाणी सुईने काढून पट्टीवर थेंब टाकला. सामू, म्हणजे पीएच, पाच. सहा ते सातच्या मधे हवा; कमी म्हणजे आम्ल जास्त.

गेटवर मक्याची पुडी वीस रुपयांना मिळते, आणि आदला दिवस रविवार. वर पाहुण्यांच्या डब्यातल्या पोळ्या, बिस्किटं. एवढं पिठूळ खाणं एकदम पडलं की आत आम्ल होतं, रवंथ थांबतो, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. त्यात रात्री घरच्यांनी मान वर धरून बाटलीने गोडेतेल पाजलेलं! ते फुप्फुसात गेलं तर डॉक्टर काय करणार? पण मोबाइलवरचे वैद्य आमच्या आधी पोचतात.

सलाइन लावलं, शिरेतून सोडा-बायकार्ब, बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, नळीने सोड्याचं पाणी. मग खरं काम. चरून आलेला बोकड निवांत रवंथ करत होता. गळ्यातून गोळा वर चढताना दिसतो. तो तोंडात आला की गालाच्या फटीतून बोटं घालून काढायचा. क्षणभर उशीर झाला की बोटं दाढांखाली. हे मला जमतं. तो गोळा कोमट पाण्यात कालवून नळीने बकरीला दिला. तिच्या पोटातले कामाचे जिवाणू मेलेले असतात, ते असे उसने आणावे लागतात. मेडिकलमधल्या पावडरीपेक्षा माझा यावरच भरवसा.

“बाकीच्या धडधाकट हायेत, मंग हेच कशी पडली?” मालकाने विचारलं.

त्याची आई कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, टाकत होती. “त्या पोट्ट्याईले पाहून पयतात. हे नाही पयत.”

मालकाला म्हटलं, पुडीत मका नको. तुरीचं कुटार नाहीतर बोरीचा पाला भरा.

“कुटार कोन इकत घेते, साहेब?”

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. संध्याकाळी बकरी उभी राहिली, दोन घास कुटाराचे खाल्ले. लगेच त्याचा फोन, “उद्या गेटवर बांधू का?” आठ दिवस नाही, म्हटलं.

“आठ दिवसांत तं सुट्ट्याच सरतात ना, साहेब.”