प्लेट करंटचा डिप

नववीत आमच्या विज्ञानाच्या सरांनी आम्हा काही मुलांकडून व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांचा, रेडिओ ट्रान्समीटर बांधून घेतला. विजेबद्दलची माझी भीती तिथे गेली, आणि बेफिकिरीही तिथेच गेली. सर स्वतः परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, होते. जोडणी आमची, पण एरियल लावून मोर्सची की दाबायचा अधिकार फक्त त्यांचा. कितीही गळ घातली तरी या बाबतीत ते कधी नमले नाहीत.

सर्किट साधं होतं. ६व्ही६ या व्हॉल्व्हचा क्रिस्टल ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करणारा भाग, आणि त्यापुढे तो सिग्नल वाढवणारा ८०७ हा व्हॉल्व्ह. आरसीए या अमेरिकन कंपनीने १९३६ मध्ये काढलेल्या ६एल६ या व्हॉल्व्हचंच ८०७ हे प्रक्षेपणासाठी केलेलं भावंड. त्याच्या प्लेटचं, म्हणजे वाढवलेला सिग्नल जिथून बाहेर पडतो त्या धातूच्या भागाचं, कनेक्शन तळातल्या पिनांमधून न नेता डोक्यावरच्या टोपीतून काढलेलं असतं. आत येणारा आणि बाहेर जाणारा सिग्नल जवळ आले की व्हॉल्व्ह स्वतःच ऑसिलेट व्हायला लागतो, म्हणून ही सोय. सरांनी हे फळ्यावर नव्हे, हातात व्हॉल्व्ह देऊन समजावलं. काचेच्या आत आरशासारखा चकचकीत थर दिसतो ना, तो बेरियमचा. उरलीसुरली हवा तो शोषून घेतो. तो दुधासारखा पांढरा पडला, की काचेला तडा जाऊन हवा शिरली असं समजायचं आणि व्हॉल्व्ह बाजूला ठेवायचा. मीटर लावायचीही गरज नाही.

ऑसिलेटरची कॉइल आम्ही निकामी व्हॉल्व्हच्या बुडावर गुंडाळली. एकाने तार ताणून धरायची, दुसऱ्याने मोठ्याने वेढे मोजायचे.

पण खरी मजा ट्यूनिंगची. एरियलच्या जागी ४० वॉटचा साधा दिवा लावायचा. प्लेटचं सर्किट क्रिस्टलच्या फ्रिक्वेन्सीशी जुळलेलं नसलं, की प्लेट करंटच्या मीटरचा काटा सरसर वर चढतो आणि जास्त वेळ घेतला तर प्लेट लाल होते. म्हणून एका हाताने कंडेन्सर झटपट फिरवत राहायचं. एका ठिकाणी काटा एकदम खाली बसतो. हाच डिप. तिथे अनुनाद साधतो, कॉइल आणि कंडेन्सरच्या जोडीचा अडथळा सर्वांत जास्त होतो, म्हणून प्लेट करंट कमी. मग लोडिंगचा, म्हणजे दिव्याकडे किती शक्ती जाईल ते ठरवणारा, कंडेन्सर जरासा उघडायचा, काटा वर येतो. पुन्हा डिप शोधायचा, पुन्हा उघडायचा. असं करत १०० मिलिअँपिअरपर्यंत न्यायचं. प्लेटला ६०० व्होल्ट, म्हणजे आत जातात ६० वॉट आणि बाहेर पडतात साधारण ४०. दिवा आधी तांबूस, मग पिवळा, मग लख्ख. अनुनादाची व्याख्या मी पाठ केली होतीच. ती कळली मात्र त्या काट्याकडे पाहताना.

६०० व्होल्टला सर फार मान देत. दुसरा हात खिशात, हा नियम. स्विच बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. तो उतरवायला ५० किलोओहमचा ब्लीडर रेझिस्टर होता. १६ मायक्रोफॅरडसाठी त्याला चारेक सेकंद पुरतात, पण रेझिस्टर कधी तुटेल याचा भरवसा नाही. म्हणून कोरड्या लाकडी काठीच्या टोकाला तांब्याचा आकडा आणि त्याची वायर चासीला, म्हणजे संचाच्या धातूच्या सांगाड्याला. आधी काठी टेकवायची, मग हात. मला वाटतं, शाळेत शिकलेली सर्वांत मोलाची सवय हीच.

सगळं जमल्यावर सरांनी २० मीटर लांबीची तार दोन खांबांमध्ये ताणली, मधोमध ट्रान्समीटरकडून येणारी वायर, म्हणजे फीडर, जोडला आणि ७ मेगाहर्ट्झवर ‘सीक्यू’, म्हणजे ‘कोणीही उत्तर द्या’ अशी हाक, पाठवलं. रिसीव्हरमधून उत्तराची टकटक आली तेव्हा अक्षरं आम्ही कागदावर उतरवून घेत होतो. पुढे मोर्सची परीक्षा देऊन मीही परवाना काढला. आज माझ्या टेबलावर ट्रान्झिस्टरचा संच आहे, तो ट्यूनिंग स्वतःच करतो. चांगला आहे. पण आत काय चाललंय ते तो दाखवत नाही, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ते दिसायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

सर निवृत्त होताना त्यांनी तो ट्रान्समीटर माझ्याकडे सोपवला होता. शाळेच्या या महोत्सवी वर्षात मी तो प्रयोगशाळेला परत देत आहे. फिल्टर कंडेन्सर नवे घातलेत, ब्लीडर तपासलाय, सर्किट झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, काठी सोबत आहे. एरियल परवानाधारकानेच जोडावी. दिव्यावर मात्र, शिक्षक शेजारी असतील तर, मुलांनी हवा तितका वेळ डिप शोधावा.