गाठच आहे, दाबून देता का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे हे कळलं, की पाच मिनिटांत समोरच्याचा हात खांद्यावरून मागे जातो. "खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या बाजूला... हात पोचत नाही बघा, पण गाठच आहे. जरा दाबून देता का?" इतक्या वेळा विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

तुम्ही दाखवता तिथे वरच्या थरात ट्रॅपेझियस हा स्नायू, आणि त्याच्याखाली ऱ्हॉम्बॉइड स्नायूंची जोडी, धाकटा आणि थोरला. धाकटा मानेच्या सातव्या आणि पाठीच्या पहिल्या मणक्यापासून निघतो, थोरला पाठीच्या दुसऱ्या ते पाचव्या मणक्यापासून. दोघंही तिरके उतरत फऱ्याच्या आतल्या कडेला चिकटतात.

फऱ्याला हाडाचा आधार एकच, पुढून कॉलरबोनचा. बाकी तो बरगड्यांवर नुसता सरकत असतो. हात पूर्ण वर, 180 अंशांपर्यंत नेलात, तर त्यातले साधारण 60 अंश फऱ्याच्या फिरण्याचे. म्हणजे त्याने फिरायचंही आणि बरगड्यांना धरूनही राहायचं! त्यासाठी पुढून बरगड्यांवरचा सेरेटस स्नायू ओढतो, मागून ऱ्हॉम्बॉइड, सतत रस्सीखेच.

तपासताना मी हात कमरेमागे ठेवायला लावते, तळवा बाहेर, आणि म्हणते, "माझा हात मागे ढकला." दुसऱ्या हाताचं बोट फऱ्याच्या कडेशी असतं. स्नायू टणक होऊन बोटाखाली वर येतो. दुखऱ्या बाजूला पुष्कळदा तो दोन-तीन सेकंदांत थरथरायला लागतो.

तुम्हाला वाटतं तो आखडलाय. मला बहुतेक वेळा तो दमलेला सापडतो. कीबोर्डवर हात पुढे, फरे बाहेर सरकलेले, आणि हा ताणलेल्या अवस्थेत तासन्‌तास तसाच. दाबून दिलं की तासभर बरं वाटतं, मला पैसे मिळतात, उद्या पुन्हा तेच. त्याला काम द्या: इलॅस्टिकचा पट्टा दाराला अडकवून, वल्हं मारल्यासारखा मागे ओढायचा, फरे एकमेकांकडे आणायचे. खांदे मात्र कानाकडे चढू द्यायचे नाहीत. हा स्नायू फऱ्याला वरही खेचतो, त्यामुळे ती चूक हमखास होते. दिवसभर छाती काढून बसणं हा उपाय नाही, त्यानेही तो दमतोच.

आणि मान वळवल्यावर दुखणं वाढत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर बिचारा ऱ्हॉम्बॉइड निर्दोषही असू शकतो. मानेतलं दुखणं नेमकं याच जागी जाणवतं. म्हणून मी आधी मान तपासते. गाठीचं नंतर बघू.