दांड

शनिवार, रात्री साडेअकरा

आजीच्या इरकलीला आज एकदाची कातर लावली. खरं तर कातर फक्त सुरुवातीला. कडेला बोटभर चीर दिली आणि टर्रकन फाडलं. सुती कापड कापू नये, फाडावं, हे आईचं म्हणणं. फाडलं की ते आडव्या धाग्याबरोबर सरळ जातं. मेणखडूची रेघ धरून कातर चालवायला गेले की माझ्या हातून नागमोडी वळणंच होतात. फक्त काठापाशी थांबायचं, तो रेशमी, तिथे कातरच हवी.

बेत साधा होता: एक मोठी पिशवी. पदराला हात लावायचा नाही, हे आधीच ठरलेलं. तो लाल टोपपदर. इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा असतो, विणकर ते दोन्ही धाग्यांच्या कोंड्या, म्हणजे फास, एकमेकांत अडकवून जोडतात. ती जागा उसवायची माझी छाती नाही.

फाडण्याआधी सगळी नऊवारी खिडकीत उजेडाला धरून बघितली. जुन्या लुगड्याचं काही करायचं तर आधी हेच करावं. बसून बसून मधला भाग विरतो, काठ आणि पदर मात्र शाबूत राहतात. विरलेल्या जागेची पिशवी केली तर पहिल्याच दोन किलो बटाट्यांना राम म्हणते. पण इथे मधला भाग चांगला घट्ट! आणि तिथेच बोटांना काहीतरी लागलं. या काठापासून त्या काठापर्यंत एक आडवी शिवण. कडा आत दुमडून दोन्ही अंगांनी तुरपाई केलेली, इतकी बारीक की उलटं कुठलं, सुलटं कुठलं कळेना. दोन्हीकडच्या चौकटी एकमेकींना तंतोतंत भिडवलेल्या. हिरवा मात्र एका बाजूला किंचित फिका.

आईला दाखवलं. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "अगं, दांड आहे तो."

शब्द मी ऐकला होता, वस्तू पहिल्यांदाच पाहिली. लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग काढून टाकायचा आणि दोन जुन्या लुगड्यांचे चांगले तुकडे जोडून एक करायचं. वर्ष-दीड वर्ष आणखी निघतं. आई म्हणाली, आजी हे घरात नेसायची, लग्नाकार्याला नाही, आणि दांड निऱ्यांत जाईल असं नेसायची. म्हणजे मी जिला एक साडी समजत होते त्या दोन होत्या. दुसरी कुठली, ते आईलाही आठवेना.

पुढचं काम पटापट. सोळा इंच रुंद, पंधरा इंच उंच, शिलाईला अर्धा इंच जास्त. अस्तर लावायचा कंटाळा, म्हणून आधी सुलट्या बाजूने पाव इंचावर टीप मारली, मग पिशवी उलटी करून पुन्हा टीप. कापडाच्या कडा आतच कोंडतात, धागे सुटत नाहीत. जुन्या सुतीला हे हवंच. खालचे दोन्ही कोपरे त्रिकोणी दाबून दोन इंचांवर आडवी टीप, की पिशवीला बूड येतं. पट्ट्यांना काठ वापरला, आतून जाड कापडाची पट्टी घालून. सगळे थर एकत्र आले तिथे चौदा नंबरची सुई मोडली. सोळाची लावली, चौकोन शिवून आत फुली मारली. व्हिडिओत ही पिशवी दहा मिनिटांत होते. मला चार तास लागले, त्यातली चाळीस मिनिटं बॉबिन शोधण्यात. ती कपाटाखाली होती.

वाद झाला तो दांडावरून. मी तो भाग मुद्दाम पुढच्या बाजूला घेतला, बरोबर मधोमध. आईला ते मुळीच पटलं नाही. "दांड कुणी मिरवतं का? लोक म्हणतील, जोडकाम आहे." मी म्हटलं, जोडकामच तर आहे. शिवाय माझ्या मशीनच्या टिपेपेक्षा ही हाताची तुरपाई सरस आहे, झाकायचीच तर माझी झाकूया. ती काही बोलली नाही. उरलेल्या चिंध्या गोळा करून गोधडीच्या गाठोड्यात टाकल्या आणि झोपायला गेली.

रविवार, सकाळ

उठले तर पिशवी खुंटीवर नाही. गॅलरीतून बघितलं, आई भाजी घेऊन फाटकातून येत होती. खांद्याला माझी पिशवी, वरून मेथीची जुडी डोकावतेय. पट्टे ताणलेत पण धरून आहेत.

दांडाची बाजू आत होती, अंगाला चिकटलेली.