टाकीतला ठोसेबाज

"दादा, काच तडकतेय वाटतं. दुपारी टाकीतून टक टक आवाज येतो."

फोन ठाण्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांच्या कंपाउंडरकाकांचा. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची देखभाल हा माझा धंदा. तीनशे लिटरची टाकी आणि 'काच' हा शब्द एकत्र ऐकल्यावर हातातलं काम टाकून निघालो. तेवढं पाणी वेटिंग रूममध्ये सांडलं तर मासे राहिले बाजूला, खालच्या दुकानदाराशीच आधी भांडण.

काच ठणठणीत होती, सिलिकॉनचे सांधेही. पण शेवाळ खायला सोडलेल्या टर्बो गोगलगायींपैकी बऱ्याच गायब होत्या आणि एका खडकातल्या भोकापुढे शंखांचे तुकडे पडले होते. डॉक्टरांचा निकाल तयारच होता. सकाळी दिवा लावताना त्यांना मेलेल्या गोगलगायीवर केसाळ किडे तुटून पडलेले दिसले होते. "सगळे खडक काढा आणि गोड्या पाण्यात बुडवा. एकही किडा नको."

मी नाही म्हटलं. ब्रिसल वर्म, म्हणजे हे केसाळ किडे, उगाच बदनाम आहेत. ते बहुतेक रात्री बाहेर पडून मेलेलं, उरलंसुरलं खातात, आणि प्रेतापाशी सापडतात म्हणून खुनी ठरतात. जाड शंख फोडायला त्यांच्याकडे आहे काय? शिवाय गोड्या पाण्याने खडकातले जिवाणूही मेले असते. माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात ते हेच. ते गेले की पाठोपाठ मासे.

तो खडक डॉक्टरांनी टाकी मोडणाऱ्या एका हौशी माणसाकडून घेतला होता. अशा लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेल्या खडकाच्या भोकाभोकांतून खेकडे, किडे, काहीही येतं. आवाज करणारे त्यात दोघे: पिस्टल श्रिंप ही छोटी कोळंबी, आणि मँटिस श्रिंप हा कोळंबीसारखाच दिसणारा, पुढच्या पायांनी ठोसे मारणारा प्राणी. पिस्टल आपला नांगा फटकन मिटून आवाज काढतो, पण शंख फोडत नाही. तुकडे पाहून माझा संशय दुसऱ्यावर होता.

आवाज दुपारीच का, हेही मग उलगडलं. मँटिसच्या ठोसे मारणाऱ्या जाती बऱ्याचदा उजेडात शिकार करतात आणि रात्री बिळाचं तोंड बुजवून बसतात. म्हणजे आवाज सकाळीही होत असणार, पण पोरांच्या रडारडीत तो कोण ऐकणार? एक ते पाच दवाखाना बंद असतो आणि काका तिथेच बाकावर आडवे होतात, म्हणून त्यांना ऐकू आला.

त्या दुपारी काका आणि मी खुर्च्या टाकून बसलो. बराच वेळ काही नाही. मग भोकातून देठांवरचे दोन डोळे वर आले, एक इकडे वळलेला, एक तिकडे. काका पुटपुटले, "हा तर आपल्याकडेच बघतोय."

खडक उचलून बादलीवर तिरपा धरला. डॉक्टरांकडून सुईविना सिरिंज घेतली, काकांनी कोपऱ्यावरून साध्या सोड्याची बाटली आणली आणि सोडा भोकात मारला. कार्बन डायऑक्साइडने आतल्या प्राण्याला गुदमरायला होतं. आधी एक चिमुकला खेकडा पडला, मागोमाग दोन इंचांचा हिरवट मँटिस. काका हात घालायला निघाले, मी मनगट धरलं. याच्या मोठ्या भाऊबंदाचा, मोर मँटिसचा ठोसा २००४ साली मोजला गेला तेव्हा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला होता. त्या वेगाने पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटतो तेव्हा भक्ष्याला दुसरा दणका बसतो. दोन इंची असला तरी बोट फोडायला पुरे.

"खाडीत सोडून द्या," डॉक्टर म्हणाले. कुठल्या समुद्रातला प्राणी, कोणते रोग घेऊन आलेला, ठाऊक नसताना खाडीत कसा सोडायचा? मारायचंही जिवावर आलं. शेवटी वीस लिटरची ॲक्रिलिकची टाकी आणून त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवला आणि त्याची सोय लावली. मोठ्या टाकीतले ब्रिसल वर्म तसेच राहिले, नव्या गोगलगायी टिकल्या.

आता काका इंजेक्शनला घाबरणाऱ्या पोरांना सांगतात, "रडला नाहीस तर बॉक्सर दाखवतो." त्याच्यासाठी बाजारातून तिसऱ्या आणल्या जातात. त्यांचा खर्च डॉक्टरांनी माझ्या देखभालीच्या बिलातून कापायचा प्रयत्न केला, तो मी हाणून पाडला.