झेनचं इंजिन चौदा वर्षांनी माहेरी गेलं

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमच्या दारात दोन गाड्या उभ्या होत्या. मारुती 800 ला इंजिन एक नंबर पण खालचा पत्रा शिल्लक नाही, आणि झेनचा पत्रा टकाटक पण इंजिन मेलेलं. गल्लीतनं जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, "काय, गॅरेज काढलंयस काय?" आणि आई आतनं मी बोलायच्या आधीच उत्तर द्यायची, "गॅरेजात पैसे येतात, हितं नुसते जातात."

तर गोष्ट अशी. 800 आण्णांनी (वडिलांनी) 1996 ला घेतलेली. तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन, चार गिअर, गावात फिरायला झकास, पण चार माणसं बसवून गगनबावड्याचा करूळ घाट चढायचा म्हटलं की दुसऱ्या गिअरमध्येच मुक्काम. 2008 ला मी नुकता कामाला लागलेलो, खिशात पहिले पैसे, अंगात मस्ती, आणि भंगारात अपघात झालेल्या झेनचं इंजिन गिअरबॉक्ससकट मिळालं. 993 सीसी, चार सिलिंडर, सगळं ॲल्युमिनियमचं, पाच गिअर, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्बोरेटरचं, म्हणजे वायरिंगची कटकट नाही. मी आणि एका मेस्त्रीनं मिळून ते 800 मध्ये बसवलं, इंजिन नंबर बदलल्याचं आरटीओतनं आरसीवर चढवून घेतलं, आणि त्यानंतर ती साडेसहाशे किलोची डबी घाटात अशी पळायची की मागचा स्विफ्टवाला बावचळायचा. नाद खुळा.

मग ऑगस्ट 2019 आला. आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आम्ही शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला, आमच्याकडं पाणी येतं हे माहीत आहे पण एवढं येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. गाडी काढायला जमलं नाही, सीटच्या बुडापर्यंत पाणी, आणि ते काही एका रात्रीत उतरलं नाही. पाणी ओसरल्यावर मी एक गोष्ट बरोबर केली, किल्लीला हातच लावला नाही. बॅटरी काढली, चारी प्लग काढले, क्रँक हातानं फिरवला, ऑइल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं, मग दोनदा नवीन टाकून परत काढलं. आमच्या शेजारच्यांनी पुराचं पाणी उतरल्या उतरल्या सेल्फ मारला आणि खाडकन आवाज आला. सिलिंडरमध्ये पाणी असलं की पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, हवा दबते पाणी दबत नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. त्यांचं इंजिन गेलं, माझं वाचलं, आणि मी दोन वर्षं छाती काढून सगळ्यांना हेच सांगत फिरलो.

पण बॉडीचं काय? पुराचा चिखल असतो ना, तो पोकळ भागात जाऊन बसतो. दाराखालच्या पट्ट्या, चेसीसारखे (गाडीच्या खालच्या सांगाड्यासारखे) दिसणारे ते बॉक्स, सगळं वरनं धुतलं आणि आतनं तीन वर्षं सडत राहिलं. 2022 च्या पावसाळ्यात खड्ड्यातनं गेलो आणि पुढून डावीकडं 'कड्' असं झालं, बॉनेट उघडून बघतो तर शॉकॲब्सॉर्बर वर जिथं बसतो त्या घुमटाला चीर, आणि बोट दाबलं तर पापडासारखा पत्रा. जीपसारखी खाली वेगळी चेसी असती तर वरची बॉडी बदलता आली असती. 800 ला तसं काही नाही, बॉडी म्हणजेच चेसी, सगळा भार पत्र्यावर. तुकडे जोडून वेल्डिंग करणारे खूप आहेत, एकानं तर "आठ दिवसांत नवी करून देतो" असं सांगितलंही, पण घुमटावर ठिगळ मारून त्यात आईआण्णांना बसवायचं माझ्यानं झालं नसतं.

आण्णा म्हणाले, "इंजिन चांगलंय ना? मग दुसरी बॉडी बघ की." एवढं बोलून परत पेपरात.

मी आधी 800 चीच बॉडी शोधत होतो. मग दाजींना (ताईच्या मालकांना) टाकाळ्यात एका रिटायर्ड डॉक्टरांच्या पोर्चमध्ये 1997 ची झेन दिसली. उंचावरचा भाग, पुराचं पाणी बघितलेलं नाही, कायम सावलीत, खालचा पत्रा टाचणीनं टोचून बघितला तरी टणक. पण रेडिएटरचा पाइप फुटल्यावरही कुणीतरी ती तशीच दामटलेली, ॲल्युमिनियमचं हेड वाकलं, गॅसकेट गेलं, सिलिंडरमध्ये पाणी उतरलं आणि मग पाच वर्षं तशीच उभी, इंजिन जाम. म्हणजे झेनला झेनचंच इंजिन हवं होतं आणि माझ्याकडं ते 800 च्या पोटात बसलेलं. चौदा वर्षं सासरी नांदून पोरगी माहेरी निघाली. अगदी तेच घर नाही, चुलत माहेर म्हणा. 22 हजाराला सौदा झाला, डॉक्टरांनी वर एक जुनी स्टेपनी आणि भरपूर सल्ले दिले.

कागदाचं आधी सांगतो कारण इथंच लोक फसतात. आपल्याला वाटतं इंजिन म्हणजे गाडीचा जीव, म्हणजे इंजिन हलवलं की आपली गाडीच हलवली. कायद्याच्या डोक्यात उलटं आहे. चेसी नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो, गाडी म्हणजे तो नंबर, इंजिन त्यातला बदलता येणारा पार्ट. त्यामुळं 800 ची नंबर प्लेट झेनला लावायचा विचारसुद्धा करायचा नाही, तो सरळ गुन्हा आहे. झेन आधी माझ्या नावावर, त्याला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, मग मोटार वाहन कायद्याच्या 52 कलमाखाली इंजिन बदलायची परवानगी, मग तपासणी, आणि गाडीला पंधरा वर्षं कधीच होऊन गेली म्हणून रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, ज्याची फी एप्रिल 2022 मध्ये 600 ची 5000 झाली होती. वर पर्यावरण कर. त्याच जातीचं, त्याच इंधनाचं इंजिन होतं म्हणून माझं सोपं गेलं. 800 मध्ये झेनचं इंजिन आज बसवायला गेलो असतो तर 2008 सारखं झालं नसतं, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळं काही करायला चाप लावलाय.

आता काम. मी आणि दाजी, रविवार सोडून वेळ नाही, त्यात दाजी मंगळवार पेठेतले, फुटबॉलची मॅच असली की रविवार पण गेला. इंजिन वर उचलायला शेडच्या अँगलला चेन ब्लॉक टांगला आणि दोन साखळ्या ओढल्यावर अँगलच खाली यायला लागला. मग मामांकडनं, वडणग्याहून, विहिरीतली मोटर काढायची तीन पायांची घोडी टेम्पोतनं आणली. मामा स्वतः बरोबर आले, "तुम्ही पाय मोडून घेशीला" म्हणून, आणि खरं सांगायचं तर सगळी उचल त्यांनीच केली. बॉनेट काढलं, रेडिएटर काढला, एक्सल ओढून काढले, केबली सोडल्या, आणि एका दुपारात दोन्ही इंजिनं बाहेर. जुन्या टायरवर शेजारी शेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी, फक्त एक न्हालेली आणि एक न न्हालेली.

मला वाटलं आता काय, उचलायचं आणि ठेवायचं, झेनला झेन. तिथंच 2008 चा मी आडवा आला.

त्या वेळी 800 च्या कप्प्यात बसावं म्हणून आम्ही या इंजिनाला काय काय केलं होतं ते मी विसरूनच गेलो होतो. माउंटिंगच्या ब्रॅकेटचा एक कान ग्राइंडरनं उडवलेला. सायलेन्सरचा पुढचा पाइप कापून वेगळ्याच कोनात वेल्ड केलेला. ॲक्सिलरेटर केबलच्या ब्रॅकेटच्या जागी दाराच्या कडीची पट्टी, खोटं नाही, कडीचीच, तिला अजून हिरवा रंग होता. दाजी ती पट्टी हातात धरून पाच मिनिटं हसत होते. "भावा, हे तू केलंस काय मेस्त्रीनं?" मी म्हटलं, "मेस्त्रीनं." मीच केलं होतं.

म्हणजे आता मेलेल्या इंजिनाची ब्रॅकेटं काढून जिवंत इंजिनाला लावायची. आणि त्यात उजव्या माउंटिंगचा बोल्ट तुटला. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये, वर पुराचं पाणी, दोन धातू एकमेकांना धरून बसलेले. मी टॉमीला पाइप लावून जोर दिला, एक मऊसा झटका हाताला लागला, आणि पाना ढिला पडला. हा झटका ज्यानं अनुभवलाय त्यालाच कळेल. बोल्ट सुटतो तेव्हा चरचरतो, तुटतो तेव्हा असा मऊ वाटतो, लोणी कापल्यासारखा, आणि मग पोटात गोळा येतो.

उद्यमनगरात एक वेल्डर आहेत, वय साठीच्या पुढं, बोलणं कमी. दुकान बंद करून रात्री घरी आले. तुटलेला बोल्ट ब्लॉकच्या बाहेर जेमतेम दोन सूत. त्यांनी त्याच्यावर एक मोठा नट ठेवला, नटाच्या भोकातनं आत वेल्डिंग भरलं, नट लालबुंद झाला, आणि मी लगेच पाना लावायला गेलो तर माझा हात बाजूला केला. "थांब की. घाई कशाची?" लाल उतरून काळा झाला, मग राखाडी, मग त्यांनी मेणबत्ती घेऊन कडेला टेकवली, मेण वितळून आत ओढलं गेलं. मग पाना लावून आधी घट्ट करायच्या दिशेनं केसभर, मग उलटं केसभर, परत घट्ट, परत उलटं. चर्रर्र. बोल्ट हलला. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून भोक मोठं होतं आणि पकड सुटते, हे मला पुस्तकातनं माहीत होतं, त्यांना हातातनं माहीत होतं. आतले दोन-तीन आटे गेलेच, तिथं ड्रिल मारून स्टीलच्या स्प्रिंगसारखी आट्यांची नवी गुंडाळी बसवली. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा पाज."

बाकीचं पटापट सांगतो. इंजिन बाहेरच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकची दोन्ही सील नवी टाकली. कुणी असं काम करणार असेल तर हे आत्ताच टाका, नंतर दोनशे रुपयांच्या सीलसाठी परत घोडी आणावी लागते. गिअरबॉक्स डॉक्टरांच्या गाडीचाच वापरला, कमी चाललेला होता. रेडिएटर नवा, टाकीतलं पाच वर्षांचं पेट्रोल काढलं तर वास वार्निशचा, ती टाकी उतरवून धुतली. हे सगळं मिळून डिसेंबर गेला. इंजिन उतरवायला एक दुपार आणि वायसर, बुश, क्लिपा शोधायला एक महिना. शाहूपुरीतल्या पार्टवाल्यानं शेवटी मला बघितलं की "आज काय विसरलास?" असंच विचारायला सुरुवात केली.

संक्रांतीच्या आधीचा रविवार. ऑइल, पाणी, बॅटरी, सगळं तयार. आण्णा खुर्ची टाकून बसलेले, आईनं नारळ आणून ठेवलेला. किल्ली फिरवली, सेल्फ कण्हल्यासारखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. परत मारला. परत तेच. तिसऱ्यांदा दाजी ओरडले, "अरे धूर! धूर!" बघतो तर ॲक्सिलरेटरची केबल, तिचं प्लॅस्टिकचं कव्हर वितळून धूर निघालेला. जाळ आणि धूर संगटच म्हणतात ते हेच.

आम्ही इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी लावलीच नव्हती. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे बॉडीपासून विजेला तुटलेलंच. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, त्या करंटला परत जायला वाट पाहिजे, पट्टी नाही म्हटल्यावर तो सापडेल त्या लोखंडातनं गेला, आणि ती वाट म्हणजे बिचारी केबल. पट्टी बिस्किटाच्या डब्यात, डबा खुर्चीखाली, खुर्चीवर आण्णा. सकाळपासून.

पट्टी लावली, शेजारच्या चौकातल्या दुकानातनं नवी केबल आणली, आणि मग दुसऱ्या सेल्फला इंजिन धरलं. पहिलं थोडं फुरफुरलं, निळसर धूर सोडला, मग स्थिर. आईनं नारळ फोडला. दाजींनी बॉनेटवर दोन्ही हात टेकून डोळे मिटले, मला वाटलं देवाला नमस्कार करतायत, ते टॅपेटचा आवाज ऐकत होते.

गाडी मार्चमध्ये पास झाली. आण्णांना घेऊन पन्हाळ्याला गेलो, वाघबीळ ओलांडल्यावर चढाला त्यांनी काच खाली घेतली. मी म्हटलं थंड लागंल, तर म्हणाले, "आवाज येईना झालाय. 800 मध्ये कसं, समजायचं." झेनच्या बॉडीत आवाज अडवायचा माल जास्त आहे, त्यामुळं तेच इंजिन आता दुसऱ्याच्या घरात बोलल्यासारखं ऐकू येतं. वरपर्यंत काच खालीच ठेवली त्यांनी.

आणि मग 800. रजिस्ट्रेशन रद्द करायचं तर चेसी नंबर ठोकलेला पत्र्याचा तुकडा कापून जमा करावा लागणार होता. भंगारवाला कटर घेऊन दारात आला, तेव्हा आण्णा म्हणाले जरा थांब. आरटीओच्या कामाला नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतात तसा मी एक घेतला होताच, त्यांनी स्वतःसाठी अजून एक घ्यायला लावला. मी पत्रा चिंधीनं पुसला, कागद धरला, त्यांनीच पेन्सिल घासली, हात थरथरतो त्यामुळं एक आकडा दोनदा उमटलाय. मग कटर चालू झाला, आणि त्यांनी तो कागद चार घड्या करून पेन्शनच्या पासबुकाच्या कव्हरात सरकवला.