हानलेच्या अंधारातला ऑक्सिजन

लेह, नुब्रा, पँगाँग यांवर मराठीत भरपूर लिहून झालंय. त्या दिवसांबद्दल एवढंच सांगते की पँगाँगच्या काठावर पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसली. मला लिहायचंय लडाखमधल्याच हानले या गावाबद्दल, आणि हानलेतल्याही एका रात्रीच्या तास-दीड तासाबद्दल.

उपशीपर्यंत मनालीचाच रस्ता. तिथून डावीकडे वळून सिंधूचा काठ धरायचा, तो चुमाथांग, माहे, न्योमा करत लोम्याच्या पुलापर्यंत सुटत नाही. पितृपक्ष सरत आला होता. तारखा मी मुद्दाम सर्वपित्री अमावास्येच्या लगतच्या निवडल्या होत्या, कारण चंद्र असताना हानलेला जाण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. आमच्या होमस्टेमधले बाकीचे पाहुणे ‘उमलिंग ला’ ही उंच खिंड गाठायला निघालेले बाइकवाले होते. खिंडीच्या पाटीसोबत फोटो काढायचा, हानलेत झोपायचं, सकाळी परत. इतक्या लांब येऊन रात्री नऊला पांघरूण ओढून झोपणाऱ्या माणसांबद्दल मला खरोखर वाईट वाटलं.

घरच्या आमालेंनी, म्हणजे घरमालकीणबाईंनी, थुक्पा वाढला आणि दिवे बंद करण्याआधी प्रत्येक खिडकीचा जाड पडदा स्वतः ओढून पाहिला. डिसेंबर 2022 मध्ये लडाख प्रशासनानं हानलेभोवतीचा हजार चौरस किलोमीटरहून मोठा टापू ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर केला. वरच्या डोंगरावर वेधशाळा आहे, तिच्यासाठी आणि आता गावासाठीही अंधार राखायचा. वेधशाळा चालवणाऱ्या भारतीय ताराभौतिकी संस्थेनं गावातल्या तरुण-तरुणींना आकाश दाखवायला शिकवलं आणि दुर्बिणी दिल्या. त्यांना अॅस्ट्रो अँबॅसिडर म्हणतात. आमच्या वाट्याला आली ती पंचविशीतली, अंगात जाड गोंचा, गळ्यात लाल टॉर्च आणि आठ इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण लीलया उचलून अंगणात मांडणारी मुलगी.

तिनं आधी दुर्बिणीला हातही लावू दिला नाही. अर्धा तास नुसतं बसायचं, मोबाइल खिशात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. बाहुली पाच-सात मिलिमीटरपर्यंत रुंदावते ती लगेच, पण डोळ्यातल्या पडद्यावर मंद उजेड टिपणाऱ्या ज्या दंडपेशी असतात, त्यांच्यामधलं रंगद्रव्य पुन्हा भरायला वीस-तीस मिनिटं जातात. त्या अर्ध्या तासात आकाशगंगा हळूहळू फाटत, दुभंगत, खोल होत गेली. हंसातून खाली धनूकडे उतरणारा तिच्यातला काळा पट्टा मी पुण्यातून कधीच पाहिलेला नव्हता. तो पट्टा म्हणजे धूळ आहे, पुढच्या ताऱ्यांचं बियाणं.

मग तिनं अभिजित तारा धरला. तो डोक्यावरून पश्चिमेला कलला होता. त्याच्याच स्वरमंडळ तारकासमूहातल्या दोन मंद ताऱ्यांच्या मध्ये दुर्बीण नेली आणि म्हणाली, “देखो दीदी, मरा हुआ तारा.”

मला काहीच दिसेना. ताऱ्यांचे चार-दोन ठिपके, बाकी काळं.

“सीधा मत देखो. बाजू में देखो.”

नजर जरा बाजूला नेली की प्रकाश पडद्याच्या मध्यावर न पडता कडेला पडतो, जिथे दंडपेशी दाटीनं असतात. तसं केल्यावर काहीतरी आहे असा भास झाला आणि गेला. तेव्हा तिनं सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. डोळा दुर्बिणीला लावूनच दहा वेळा खोल श्वास घे, म्हणाली. नाकानं आत, तोंडानं बाहेर, सावकाश.

हानले सुमारे 4300 मीटरवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. ऑक्सिजन कमी पडला की शरीर ज्या गोष्टींत आधी काटकसर करतं, त्यांत रात्रीची नजर आहे, कारण अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींना ऑक्सिजन फार लागतो. चार-पाच श्वास झाले आणि बाजूच्या काळोखात ते उमटलं. थंड काचेवर फुंकर घातली की उमटतं तसं, धूसर, मध्ये पोकळ. कंकणाकृती तेजोमेघ, मेसिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला 57 क्रमांकाचा. श्वास उथळ झाला की ते विरायचं, पुन्हा भरून घेतला की परत यायचं. मी किती वेळ तशी वाकून उभी होते मला माहीत नाही. माझ्या मागच्या दोघांनी फार शांतपणे वाट पाहिली, त्यांचे आभार.

ते दिसत होतं ते काय होतं? आपल्या सूर्याच्या जातीचा एक तारा म्हातारा झाला, गाभ्यातला हायड्रोजन संपला, तो फुगून तांबडा राक्षसी तारा झाला आणि त्यानं आपली बाहेरची आवरणं अंतराळात सोडून दिली. उरलेला गाभा म्हणजे होऊ घातलेला श्वेत बटू, ताऱ्याचा लहानसा घट्ट अवशेष, अजून लाखभर अंशांहून जास्त तापलेला. त्याचे अतिनील किरण भोवतालच्या वायूतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि तो वायू उजळतो. सूर्याचंही असंच होणार आहे, सुमारे पाच अब्ज वर्षांनी.

आणि उजळतो तो कोणत्या रंगात? 1864 मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी लंडनमधल्या आपल्या घरच्या वेधशाळेतून कालेय तारकासमूहातल्या अशाच एका तेजोमेघाचा वर्णपट, म्हणजे रंगारंगांत फाकवलेला प्रकाश, पाहिला. ताऱ्यासारखा अखंड पट्टा असेल असं वाटलं होतं, दिसल्या त्या फक्त काही तेजस्वी रेषा. म्हणजे हा वायू आहे, ताऱ्यांचा पुंजका नाही, हे त्याच रात्री नक्की झालं. पण त्यातल्या हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात. नवंच मूलद्रव्य असणार म्हणून त्याला ‘नेब्युलियम’ असं नावही मिळालं. साठेक वर्षं ते कोडं तसंच राहिलं. 1927 मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी ते सोडवलं. तो ऑक्सिजन होता, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. त्याच्या अणूला धक्का बसून ऊर्जा मिळाली की ती प्रकाशाच्या रूपानं बाहेर टाकायला त्याला सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. आपल्या हवेत तेवढ्यात त्याला असंख्य टकरा बसतात आणि ऊर्जा तिथेच निघून जाते. तेजोमेघातला वायू प्रयोगशाळेतल्या उत्तम निर्वातापेक्षाही विरळ असतो, म्हणून तिथे त्या अणूला सवड मिळते.

त्या हिरव्या प्रकाशातली ठळक रेषा 500.7 नॅनोमीटरवर आहे. अंधाराला सरावलेला माणसाचा डोळा सगळ्यांत तीव्र असतो तो 507 नॅनोमीटरच्या जवळ. इतक्या मंद उजेडात आपल्याला रंग कळत नाही, म्हणून ते राखाडी दिसतं, पण पोचतो तो मुख्यतः ऑक्सिजनचाच प्रकाश. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी निघालेला. आणि तो पाहायला मला श्वासातून ऑक्सिजन पुरवावा लागत होता, जो स्वतः सूर्य जन्मण्याच्याही आधी, बहुतेक मोठ्या ताऱ्यांच्या पोटात शिजून त्यांच्या स्फोटांत उधळला गेला होता. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. छाती भरून घेताना कळलं ते वेगळं.

तेवढ्यात एक गाडी आली. हेडलाइट पूर्ण, वरचा बीम, थेट अंगणात. इंजिन चालू ठेवून आतल्या माणसानं विचारलं, “दुर्बीण कुठे आहे?” दिवे बंद करा म्हटलं तर उतरून मोबाइलचा टॉर्च लावला. आम्ही सगळे आंधळे झालो, पुन्हा वीस मिनिटं गेली. मला आलेला राग अजून गेलेला नाही. ती मुलगी मात्र दिव्यावर हात धरून त्याला लाल कागद लावून देत होती, समजावत होती, आणि त्याच माणसाला पुढे अर्धा तास तिनं आकाश दाखवलं. हे तिचं रोजचंच असणार.

पहाटे चारला ती परत उठवायला आली. मृग नक्षत्र उंच चढलं होतं. तलवारीतला तेजोमेघ दाखवताना तिला काही सांगावं लागलं नाही. साडेतेराशे प्रकाशवर्षांवरचं ते ताऱ्यांचं बाळंतघर आहे, तिथे ते आजही जन्मतायत. मृगाच्या खांद्यावर काक्षी हा तारा, तांबूस, फुगलेला, स्फोट होऊन संपणार हे ठरलेला. कधी, ते कुणी सांगू शकत नाही.

सकाळी डोंगरावर गेलो. साडेचार हजार मीटरवरच्या घुमटात दोन मीटर व्यासाच्या आरशाची, सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांच्या नावाची ‘हिमालयन चंद्र’ दुर्बीण आहे. आदल्या रात्री मी जिच्यातून पाहिलं त्या दुर्बिणीच्या जवळजवळ शंभर पट प्रकाश ती गोळा करते, पण तिला डोळा लावून कुणी पाहत नाही. उपग्रहामार्फत ती बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवली जाते. शेजारीच आयआयटी मुंबईच्या भागीदारीतली 70 सेंटिमीटरची ‘ग्रोथ’ दुर्बीण, आणि भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेली, 21 मीटर व्यासाची, शेकडो आरशांची ‘मेस’ ही गॅमा किरणांसाठीची दुर्बीण. मुंबईची ही दोन नावं तिथे, त्या उजाड डोंगरावर वाचताना मला फार बरं वाटलं. मे 2023 मध्ये एम 101 दीर्घिकेत एका मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाला, तेव्हा हानलेच्या या दुर्बिणींनी त्याचे वर्णपट आणि तेजस्विता सतत टिपली होती. ऑक्सिजन उधळणारे स्फोट ते हेच.

जाणार असाल तर लेहला दोन-तीन दिवस शरीराला सवय करून मगच जा, आणि हानलेत एकाऐवजी दोन रात्री ठेवा. गावात शिरताना हेडलाइट खाली करा. खोलीचे पडदे ओढा. लाल टॉर्च सोबत न्या, गिफ्टचा लाल जिलेटिन कागद रबरबँडनं बांधलात तरी चालेल. आणि दुर्बीण दाखवणाऱ्या मुलीला पैसे देताना घासाघीस करू नका.